खोक्यावर नाव तुमचं, आत माल कुणाचा?

प्रति,
मोटारीच्या सुट्या भागांवर आपलं नाव छापणाऱ्या कंपन्यांचे मालक व संचालक यांस.

प्रत: केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालय, भारतीय मानक ब्यूरो आणि मोटारी बनवणाऱ्या कंपन्या.



भोसरीत माझं चारचाकीचं गॅरेज आहे. त्याआधी इथल्याच एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होतो. म्हणजे पार्ट बनतो कसा हे नोकरीत पाहिलं आणि निकामी कसा होतो हे धंद्यात रोज पाहतो. तक्रार थोडक्यात अशी: तुमच्या नावाच्या खोक्यातून हल्ली जो माल निघतो तो तुम्ही बनवलेला नसतो, कुणी बनवला ते तुम्ही सांगत नाही, आणि तो फसला की तुम्ही भेटत नाही.

नकली मालाबद्दल हे पत्र नाही. तुमचं नाव चोरून छापणाऱ्यांवर तुम्ही धाडी घालता, होलोग्राम लावता, क्यूआर कोड स्कॅन करायला सांगता. ते जरूर करा. माझा प्रश्न त्या खोक्याचा आहे ज्याचा होलोग्राम खरा आहे, कोड स्कॅन केला की मोबाइलवर ‘माल अस्सल आहे’ असा निरोप येतो, आणि तरी आतला बॉल जॉइंट एका पावसाळ्यात खिळखिळा होतो. ह्याची धाड कुणी कुणावर घालायची?

बॉल जॉइंटचंच घेतो, कारण ह्या एका पार्टवर माझी बरीच वर्षं गेली. मोटारीचं पुढचं चाक एकाच वेळी वळतंही आणि वर-खालीही होतं. ते ज्या सांध्यावर खेळतं तो हा, खालच्या आर्मच्या टोकाला बसवलेला. मुठीत मावेल एवढा. पोलादी पिन, पिनच्या टोकाला गुळगुळीत घासलेली गोळी, गोळी प्लास्टिकच्या वाटीत, वाटीत ग्रीस, वरून रबराचं बूट आणि बुटाला आवळणारी तारेची रिंग. दिसायला साधा. पण पैसे वाचवायला त्यात भरपूर जागा आहेत. पिनचं पोलाद हलकं घेता येतं, भट्टीतला वेळ कमी करता येतो, गोळीचं पॉलिश उरकता येतं, ग्रीस निम्मं भरता येतं. आणि सगळ्यात सोपं म्हणजे बूट. त्याला निओप्रीनसारखं रबर लागतं, जे उन्हाला आणि हवेतल्या ओझोनला दाद देत नाही. स्वस्तातलं रबर नवं असताना अगदी तसंच दिसतं. बोटाने दाबलं तरी फरक कळत नाही. उन्हाळा सरता सरता त्याला केसासारख्या चिरा जातात. मग पाऊस. चिरेतून पाणी आणि चिखल आत, ग्रीस बाहेर, गोळीला गंज, वाटीत ढिलेपणा. गिऱ्हाईक येऊन सांगतं, ‘स्पीडब्रेकरवर पुढून खडखड येतेय.’ खडखड ऐकून जो येतो तो नशीबवान. जो गाणी मोठ्याने लावून फिरतो त्याची पिन एक दिवस वाटीतून निसटते आणि चाक आडवं पडतं. गल्लीत पडलं तर टोइंगवाल्याचं बिल येतं. द्रुतगती मार्गावर पडलं तर काय होतं ते मी लिहायला नको.

कारखान्यात आमच्या टेबलावर प्रत्येक लॉटमधले नग यायचे. पिनचा कडकपणा मोजायचा, गोळीचा गोलावा मोजायचा, जॉइंट फिरवायला किती टॉर्क लागतो ते पाहायचं, तिन्ही आकडे रजिस्टरात. लॉट नंबर पार्टवरच ठोकलेला असायचा. बाजारातून एखादा नग परत आला तर त्या नंबरावरून मागे मागे जात कोणत्या पाळीत, कोणत्या भट्टीत तो भाजला इथपर्यंत पोचता यायचं. एकदा बुटाच्या रिंगा ढिल्या निघाल्या म्हणून आमच्या सुपरवायझरनी अख्खा लॉट अडवला. बाहेर टेम्पो उभा, डिस्पॅचवाला डोक्याला हात लावून बसलेला, मॅनेजरचे फोनवर फोन. सुपरवायझर काही बोलले नाहीत, लाल टॅग लावला आणि जेवायला गेले. हे काही सोन्याचे दिवस होते असं मी म्हणत नाही. पगार वेळेवर व्हायचे नाहीत, आणि त्याच आवारात जॉबवर्कचा कचरा मालही खपायचा. पण लाल टॅग लावायचा अधिकार असलेला एक माणूस त्या छपराखाली होता.

पुढे ती लाइन बंद झाली. यंत्रं विकली गेली, माणसं व्हीआरएस घेऊन गेली. नाव तेवढं ठेवलं, कारण नावाला वीजबिल येत नाही. आता त्याच कंपनीचे बॉल जॉइंट कंटेनरमधून येतात. न्हावा शेवाला उतरतात, गोडाऊनला जातात, तुमच्या रंगाच्या खोक्यात भरले जातात आणि नाना पेठेतल्या दुकानांतून माझ्याकडे येतात. भावात मात्र घट झालेली नाही. बनवायचा खर्च कमी झाला तो फायदा कुठे गेला हे मला विचारू नका, तुमच्या ताळेबंदात असेल.

‘चायना माल’ ही शिवी मी वापरणार नाही. ती आळशी शिवी आहे. झेजियांग प्रांतातल्या रुईआनला तिकडे मोटार आणि मोटारसायकलच्या सुट्या भागांची राजधानी म्हणतात. शांडोंगमधलं लाइझो ब्रेक डिस्कसाठी जगभर माहीत आहे. जगातल्या नामांकित मोटारींना चीनमधून पार्ट जातात आणि ते उत्तम चालतात. भोसरी-चाकणमधल्या कितीतरी कारखान्यांनी त्यांच्याकडून शिकावं अशी शिस्त तिथे आहे. शांघायच्या प्रदर्शनाला जाऊन आलेले इथले व्यापारी सांगतात, तिथे एकाच पार्टचे तीन-तीन भाव असतात. कारखानदार नम्रपणे विचारतो, ‘तुम्हाला कितीत बसवायचाय?’ तुम्ही सांगता त्या भावात तो बसवून देतो. नमुना झकास येतो, पहिला कंटेनरही बरा येतो. पुढच्या ऑर्डरला तुमचा खरेदी विभाग भाव आणखी खाली ओढतो. कारखानदार नाही म्हणत नाही. तो ते कुठून तरी भरून काढतो: ग्रीस थोडं कमी, रबर थोडं हलकं, भट्टीतली काही मिनिटं कमी. आणि त्याच्या छपराखाली तुमचा लाल टॅगवाला माणूस नाही. त्याला तुम्ही व्हीआरएस दिली.

तेव्हा माझं भांडण परदेशाशी नाही. माल टिंबक्टूहून आणा. पण तो तपासणारा माणूस ठेवा, आणि माल बदलला की सांगा.

माल बदलला की सांगा, हे का म्हणतो? गॅरेजमध्ये मी एकाच कंपनीचे, एकाच गाडीचे दोन ऑइल फिल्टर लेथवर धरून कापले. एक जुन्या स्टॉकमधला, एक नवा. करवतीने कापू नये, बुरा आत जातो आणि मग काही समजत नाही. जुन्यातल्या कागदाच्या घड्या दाट, एकसारख्या अंतरावर, शिवणीला धातूची क्लिप. नव्याच्या घड्या कमी, एका बाजूला गोळा झालेल्या, शिवण नुसत्या गोंदाने चिकटवलेली, तीही एका टोकाला उघडलेली. जुन्यातला रबरी वॉल्व्ह, जो गाडी बंद असताना तेल खाली उतरू देत नाही, तो केशरी सिलिकॉनचा, अजून मऊ. नव्यातला काळा, नवाकोरा असूनही ताठ. अशा वॉल्व्हमुळे सकाळी गाडी सुरू केली की काही क्षण इंजिन कोरडं खडखडतं. पण मला खरा धक्का बायपास वॉल्व्हने दिला. कागद तुंबला तर तेल अडू नये म्हणून ही स्प्रिंग दाबाने उघडते. जुन्यातली अंगठ्याने जोर लावल्यावर हलली. नव्यातली करंगळीने दबली. म्हणजे तेल कागदातून जाण्याऐवजी सरळ बगल देऊन इंजिनात जायची सोय पहिल्या दिवसापासून करून ठेवलेली. अशा फिल्टरने गाडी बंद पडत नाही, म्हणून तक्रारही येत नाही. इंजिन आपलं आयुष्य थोडं आधी संपवतं आणि दोष तेलाला किंवा ड्रायव्हरला जातो.

दोन्ही खोक्यांवरचा पार्ट नंबर अक्षरशः एकच होता.

कारखान्यात आम्ही ड्रॉइंगवरचं एक माप बदललं तरी रिव्हिजन नंबर बदलायचा आणि त्यावर तीन सह्या व्हायच्या. तुम्ही कारखाना बदलला, देश बदलला, कागद बदलला, रबर बदललं, स्प्रिंग बदलली, आणि पार्ट नंबर तोच ठेवला. ही विसरभोळी चूक नसते. जुन्या मालाने कमावलेला विश्वास नव्या मालाला फुकट मिळावा म्हणून नंबर तोच ठेवला जातो. माझ्यासारखा मेकॅनिक कॅटलॉग उघडत नाही, त्याला नंबर तोंडपाठ असतो. तो फोनवर नंबर सांगतो आणि माल मागवतो. तुम्ही ह्या सवयीवर धंदा करताय.

आता म्हणाल, खोक्यावर सगळं छापलेलं असतं. असतं. आवेष्टित वस्तूंच्या नियमांनुसार आयात मालावर मूळ देश आणि आयातदाराचं नाव लागतं. एका कडेला, मुंगीच्या अक्षरांत, बहुतेकदा स्टिकरवर ते असतं. पण ज्याच्या गाडीत पार्ट जातो तो माणूस खोकं बघतो कधी? तो ऑफिसात असतो. खोकं मी पिटमध्ये उभा राहून काळ्या हातांनी फाडतो आणि ते कचऱ्यात जातं. गाडीत राहतो तो पार्ट, आणि पार्टवर काहीही नसतं. ना लॉट, ना महिना, ना कारखाना. फार तर तुमचा लोगो, तोही शाईने, पहिल्या धुण्यात जाणारा.

‘आम्ही बनवला नाही, आम्ही फक्त विकतो’ हे उत्तर तुमचे एरिया मॅनेजर तोंडावर देतात. त्यांना ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ वाचायला द्या. त्यात उत्पादक कोण ह्याची व्याख्या आहे, आणि दुसऱ्याने बनवलेल्या वस्तूवर जो आपलं चिन्ह लावतो तोही त्या व्याख्येत धरला आहे. म्हणजे लोगो लावला त्या क्षणी कायद्याच्या नजरेत तुम्ही कारखानदार झालात. मालातल्या दोषाने कुणाला इजा झाली तर जबाबदारी तुमच्यापर्यंत पोचते. ती पोचत नाही ह्याचं कारण कायदा कमी पडतो असं नाही. अपघातानंतर वाकलेल्या आर्ममधला तुटका जॉइंट कुठल्या लॉटचा होता हे सिद्ध करायला त्यावर खूणच नसते. खूण नसणं तुमच्या किती सोयीचं आहे हे मला कळतं.

ब्रेकचं जरा सविस्तर लिहितो. युरोपात बदली ब्रेक पॅड विकायचे तर आर-९० नावाच्या नियमातून जावं लागतं. त्याचं सूत्र साधं आहे: मूळ पॅड जेवढा ब्रेक लावतो त्याच्या पंधरा टक्के खाली-वर एवढ्याच मर्यादेत बदली पॅडनेही लावला पाहिजे. कमी चालत नाही हे कुणालाही समजेल, पण जास्तही चालत नाही, कारण पुढची चाकं प्रमाणाबाहेर धरली की गाडीचा तोल जातो. चाचणी झाली की मान्यतेचा क्रमांक खुद्द पॅडच्या पोलादी पाठीवर येतो, नुसत्या खोक्यावर नाही. आपल्या देशातले कारखाने युरोपला पॅड पाठवतात तेव्हा हा क्रमांक घालूनच पाठवतात. त्यांना जमत नाही असं नाही. घरच्या गिऱ्हाइकासाठी मात्र वेगळं मिश्रण, वेगळं खोकं. पाठीच्या पत्र्याची कड पाहिली तरी ओळखू येतं: चांगल्या पॅडची कड सफाईने कापलेली असते, हलक्या पॅडची फाटल्यासारखी. वर रंगाचा थर दिला की झाकून जातं. अशा पॅडचा पत्रा गंजून फुगतो आणि वरचं लायनिंग पापुद्र्यासारखं सुटतं. भोसरीच्या ट्रॅफिकमध्ये ते सुटलं तर कर्रकर्र वाजतं आणि गाडी माझ्याकडे येते. वरंधा किंवा आंबेनळी घाट उतरताना पॅड तापून घसरायला लागले तर गाडी माझ्याकडे येईलच असं नाही.

आमच्या बाजूचंही बोलायला हवं, नाहीतर हे पत्र एकांगी होईल. मेकॅनिकांत कमिशन चालतं. जो ब्रँड खोक्यामागे जास्त सोडतो त्याचा माल जास्त ‘चांगला’ असतो. तुमचेच लोक कूपन वाटतात, मेकॅनिक मेळावे घेतात, मिक्सर आणि ट्रॉली बॅगा देतात. गिऱ्हाईकही काही संत नाही. लाखांची गाडी घेऊन येतो आणि पॅडच्या जोडीत दोनशे रुपयांसाठी हुज्जत घालतो, वर ‘बिल नको, कमी करा’ म्हणतो. त्याला बिल नको ह्याचं एक कारण कर होता. सप्टेंबर २०२५ पासून सगळ्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी झाला. त्याआधी बऱ्याच पार्टना २८ टक्के बसायचा. ती सबब आता बरीच पातळ झाली आहे. बिल मागा असं मी माझ्या गिऱ्हाइकांना सांगतो. पण बिल घेऊन काय मिळतं, हेही तुम्ही बघा.

जॉइंट सहा महिन्यांत गेला तर क्लेम होतो. नग परत द्यायचा, फॉर्म भरायचा, फोटो काढायचा, मग प्रतिनिधी येईपर्यंत थांबायचं. नशीब असेल तर त्याच लॉटमधला दुसरा नग मिळतो. पण जुना काढायचा, नवा प्रेसने बसवायचा, चाकांचं अलाइनमेंट पुन्हा करायचं, ह्या मजुरीचं काय? ती वॉरंटीत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, ‘तू टाकलास, तूच बघ,’ आणि त्याच्या जागी मी असतो तरी हेच म्हणालो असतो. मजुरी माझ्या खिशातून जाते. तुमच्या मालाचा दर्जा घसरला त्याचं भाडं आज हजारो गॅरेजवाले भरताहेत. तुमच्या हिशेबात ते कुठेच दिसत नाही, म्हणून तुमच्या हिशेबात स्वस्त माल फायद्याचा दिसतो. आणि इलेक्ट्रिकच्या मालाचं तर बोलायलाच नको. दुकानात काउंटरवर पाटीच असते, ‘इलेक्ट्रिक मालाची गॅरंटी नाही.’ सेन्सर असो, इग्निशन कॉइल असो, विकला की संपलं. ही पाटी दुकानदाराने हौसेने लावलेली नाही. तुम्ही त्याचा माल परत घेत नाही म्हणून लावली आहे.

मोटार कंपन्यांनाही दोन शब्द. २०१४ साली स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला होता. आरोप हाच, की सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती तुम्ही खुल्या बाजारात, स्वतंत्र गॅरेजांना मिळू देत नाही. दंडाचं पुढे अपिलात जे व्हायचं ते झालं. पण आजही तुमच्या लोगोच्या खोक्यातला पार्ट आणि तोच पार्ट पुरवणाऱ्या कारखान्याच्या स्वतःच्या खोक्यातला पार्ट ह्यांच्या भावातली तफावत बघितली की स्वस्त मालाला गिऱ्हाईक कुठून येतं ते समजतं. मधल्या भावाचा, खात्रीचा माल तुम्ही सोडलात तर तळाचा माल आपोआप सुकेल.

आणि काहींना तर निवडच नाही. जनरल मोटर्सने २०१७ अखेर भारतात गाड्या विकणं थांबवलं. तळेगावच्या कारखान्यातून निघालेल्या बीट आणि स्पार्क अजून माझ्या गॅरेजसमोर रांगेत असतात. फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करायची घोषणा केली. ह्या गाड्यांचे मालक बहुतेक मध्यमवर्गीय, दुसऱ्या-तिसऱ्या हातातले. जो पार्ट कुणी बनवतं तोच त्यांना घ्यावा लागतो, आणि अशा गाड्यांसाठी कारखाना चालवणं कुणालाच परवडत नसल्याने तो बहुधा कंटेनरमधूनच येतो. ह्या लोकांना ‘ओरिजिनल वापरा’ असा उपदेश करणारी जाहिरात पाहिली की हसू येतं.

आता मंत्रालयाकडे वळतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने १८२ अ हे कलम आलं. सुरक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचा म्हणून अधिसूचित केलेला भाग नियमांत बसत नसताना विकला, तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दर नगाला एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. कलम चांगलं दणकट आहे. पण त्याची सगळी ताकद ‘अधिसूचित’ ह्या अटीवर टांगलेली आहे. बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, बदली ब्रेक पॅड, व्हील बेअरिंग, ह्यांतलं प्रत्येक निकामी झालं तर माणूस मरू शकतो. ही नावं त्या यादीत स्पष्ट हवीत, आणि ती यादी मराठीत छापून प्रत्येक दुकानाच्या भिंतीवर हवी.

त्यापुढे चाचणी. पुण्यात वेताळ टेकडीच्या उतारावर गाड्यांची चाचणी करणारी, १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय आहे, भोसरीत आमच्या उशाला तशीच सीआयआरटी आहे. यंत्रं आहेत, माणसं आहेत, ज्ञान आहे. पण कंपनीने स्वतः आणून दिलेल्या नमुन्याची चाचणी म्हणजे मुलीने बघण्याच्या कार्यक्रमात केलेले पोहे. त्यावरून रोजच्या जेवणाचा अंदाज बांधू नये. नमुना दुकानातून उचला, कंपनीला न कळवता, नाना पेठेतून, मुंबईच्या ऑपेरा हाउसमागून, कोल्हापुरातून, नांदेडमधून. निकाल नावासकट छापा. नुसती सक्ती करून छाप मारायला लावली की काय होतं ते हेल्मेटने दाखवलं आहे. जून २०२१ पासून दुचाकीच्या हेल्मेटला आयएसआय सक्तीचं आहे, आणि आजही महामार्गाच्या कडेला बांबूवर टांगलेल्या टोप्यांवर तोच छाप झळकतो.

हे दुखणं फक्त आपलं नाही. अमेरिकेत जुलै २०२४ मध्ये तिथल्या रस्ता सुरक्षा यंत्रणेने इशारा दिला: अपघातानंतर दुरुस्त केलेल्या गाड्यांत परदेशातून आलेले हलके एअरबॅग इन्फ्लेटर बसवले गेले, आणि नऊ महिन्यांत तीन माणसं मेली, दोघं कायमची जायबंदी झाली. अपघात जगण्यासारखे होते. फुगा फुगायच्या ऐवजी इन्फ्लेटर फुटला आणि धातूचे तुकडे छातीत, मानेत, तोंडावर घुसले. आपल्याकडे पुढच्या दोन्ही सीटला एअरबॅग सक्तीची झाली ती २०२२ च्या सुरुवातीपासून. त्या गाड्या आता हळूहळू वॉरंटीतून बाहेर पडून आमच्यासारख्या गॅरेजांकडे येऊ लागल्या आहेत. धडकलेल्या गाडीला स्वस्तात एअरबॅग ‘बसवून देणारे’ महाभाग इथेही निघतील. तीन माणसं मरायच्या आधी काही करता येतं का ते बघा.

कंपनीवाल्यांनो, तुमच्याकडून मला फार काही नको. पार्टवर, खोक्यावर नव्हे, लॉट नंबर, महिना आणि कारखान्याची खूण ठोका. शाईने नको, पंचने. कारखाना बदलला की पार्ट नंबरच्या पुढे एक अक्षर वाढवा आणि दुकानदारांना कळवा, म्हणजे मेकॅनिकला नवा माल नवा म्हणून पारखता येईल. वॉरंटीत मजुरी धरा. हे शेवटचं केलंत तर बाकीचं आपोआप होईल, कारण मग वाईट लॉटचा खर्च तुमच्या टेबलावर येईल आणि खरेदी विभागाला भट्टीतल्या मिनिटांची किंमत कळेल. जी कंपनी हे आधी करेल तिचा माल मी चार पैसे जास्त देऊन घेईन, आणि माझ्या ओळखीतले निम्मे गॅरेजवाले घेतील. बाकीचे निम्मे ट्रॉली बॅगेकडे बघतील, ते मी नाकारत नाही.

फसलेले पार्ट मी हल्ली फेकत नाही. प्लास्टिकच्या पिशवीत घालतो, सोबत बिलाची झेरॉक्स, बसवला ती तारीख, काढला ती तारीख आणि गाडीचं रीडिंग. त्यात कापलेले दोन्ही फिल्टर आहेत, चिरा गेलेली बुटं आहेत, पाठ सोडलेले पॅड आहेत, आणि बहुतेक पिशव्यांवर तुमच्यापैकीच कुणाचं तरी नाव आहे. ज्याला आपला माल बघायचा असेल त्याने यावं. विक्रीचा माणूस पाठवू नका, ज्याला व्हर्निअर धरता येतो असा कुणीतरी पाठवा, आणि त्याच्यासोबत तुम्ही तिकडच्या कारखान्याला दिलेलं ड्रॉइंग पाठवा. मापं एकमेकांसमोर घेऊ. गुरुवारी गॅरेज बंद असतं, बाकी कधीही चालेल.

कळावे,
आपला,
भोसरीतला एक गॅरेजवाला